रविवारी चार वाजता: गोव्यात भयपट-रहस्यपटांची मंडळी कशी जमवायची

आमच्याकडे फोंड्याला नवीन माणूस पहिल्यांदा आला की त्याला एकच प्रश्न विचारला जातो: लहानपणी कुठल्या सिनेमानं तुमची झोप उडवली होती? आजवर कोणाला उत्तरासाठी थांबावं लागलेलं नाही. एका बाईंनी सांगितलं, 'झपाटलेला' पाहून आल्यावर त्यांनी घरातले सगळे बाहुले कपाटात घालून बाहेरून कडी लावली होती. एका काकांना दूरदर्शनवर रात्री लागलेल्या जुन्या भूतपटाचं नावसुद्धा आठवत नव्हतं, पण त्यातला आपोआप हलणारा झोपाळा कुठल्या बाजूला होता ते त्यांनी हातानं दाखवलं. तेवढ्यावर तासभर गप्पा झाल्या आणि चहा गार झाला.

भयपट, रहस्यपट, विज्ञानपट, फँटसी अशा सिनेमांना मिळून हल्ली 'जॉनर सिनेमा' म्हणतात. घरचे म्हणतात, काय ते भूतखेत बघत बसता. म्हणून ही आवड असलेला माणूस बहुधा एकटाच मोबाईलवर, कानात हेडफोन घालून, मध्यरात्री सिनेमा पाहतो आणि सकाळी कोणाशी काही बोलत नाही. गोव्यात अशी एकटी माणसं पुष्कळ आहेत. त्यांनी एकत्र यावं, सिनेमे पाहावेत, मतं आणि बातम्या एकमेकांना सांगाव्यात, यासाठी आम्ही गेली काही वर्षं जे करतो ते पायरीपायरीनं लिहितो आहे.

आधी पाच माणसं

पाच पुरे. वीस जण जमवायला जाल तर पहिल्या महिन्यात तारखा जुळवण्यातच दम जाईल. आमच्या अनुभवानं या पाचांत तीन प्रकारची माणसं हवीतच. एक, जिला पटकन भीती वाटते आणि ते सांगायची लाज वाटत नाही. भयपट चालला की नाही हे तिच्या चेहऱ्यावरून कळतं. दुसरं, नाटक किंवा तियात्र, म्हणजे गोव्याचं कोंकणी नाटक, यांच्या मागच्या बाजूला काम केलेलं कोणीतरी. गोव्यात असा माणूस शेजारच्या वाड्यावर सापडतोच. प्रकाशयोजना केलेल्या माणसाला सावली कुठून पडली ते आपल्याआधी दिसतं. तिसरं, गावच्या जुन्या गोष्टी ठाऊक असलेलं एखादं वयस्क माणूस. त्याचं महत्त्व पुढे येईलच.

भाषेची काळजी करू नका. आमच्यात मराठी, कोंकणी, हिंदी सगळं एकाच वाक्यात येतं. सिनेमा संपल्यावर कोणी "म्हाका भंय दिसलें" म्हणालं की ते मत नोंदवलं जातं, भाषांतराची गरज पडत नाही.

आणि पहिल्याच दिवशी प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारा, काय पाहवत नाही? कोणाला रक्त चालत नाही, कोणाला जनावराचे हाल, कोणाला मुलावर आलेलं संकट. घरात नुकतं कोणी गेलं असेल तर स्मशानाचा प्रसंग नको असतो. हे सगळ्यांसमोर विचारलं तर लोक "चालतं, चालतं" म्हणतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत.

जागा, वेळ आणि पाऊस

रविवारी दुपारी चारची वेळ मी आग्रहानं सांगतो. भयपट रात्रीच पाहायचा असा हट्ट धरू नका. आडगावांच्या बस संध्याकाळी लवकर आटपतात. शेवटची बस चुकलेल्या माणसाला सोडायला कोणाला तरी दुचाकी काढावी लागते. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा तो माणूसच येईनासा होतो. चारला सुरू केलेला सिनेमा सहापर्यंत संपतो, तासभर बोलणं होतं, आणि सातला सगळे वाटेला लागतात. अंधारासाठी खिडक्यांना जाड चादरी पुरतात.

पावसाळ्याचं मात्र वेगळं आहे. आमची पहिली बैठक जुलैत झाली. घर कौलारू, पुढच्या पडवीवर पत्रे. सिनेमा असा निवडलेला की त्यात शांतता हेच मुख्य पात्र. विसाव्या मिनिटाला पाऊस कोसळला आणि पुढचा तासभर आम्ही फक्त माणसांचे ओठ हलताना पाहिले. त्यानंतर ठरवलं की जून ते सप्टेंबर बोलके, वेगवान रहस्यपट किंवा साहसाचे विज्ञानपट पाहायचे आणि ज्यांत कुजबुज महत्त्वाची असते ते भयपट नोव्हेंबरनंतर. इन्व्हर्टर असलेलं घर मिळालं तर पावसाळ्यात तेच धरा.

यंत्रांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथं केलेल्या चुकांचा दोष सिनेमाच्या माथी बसतो.

मोठा टीव्ही असेल तर प्रोजेक्टरच्या मागे लागू नका. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन हालचाल गुळगुळीत करणारी सोय आधी बंद करा. प्रत्येक कंपनीनं तिला निराळं नाव दिलेलं असतं, पण बहुतेक नव्या टीव्हींत ती असते. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांच्या वेगानं चित्रित होतो. टीव्ही त्या चित्रांच्या अधेमधे स्वतःची चित्रं घुसवून तो वेग वाढवतो, आणि मग कोट्यवधी खर्चून उभारलेला प्रसंग दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' नावाचा पर्याय असला तर तो निवडा. अंधाऱ्या प्रसंगात काहीच दिसत नसेल तर टीव्हीचा उजळपणा वाढवण्याआधी खोलीतला दिवा आणि समोरची खिडकी बंद आहे का ते पाहा. दहातल्या नऊ वेळा गडबड तिथेच असते.

भयपटाचा निम्म्याहून अधिक जीव आवाजात असतो. टीव्हीचा आवाज मागच्या बाजूनं भिंतीवर आपटतो, म्हणून छोटा का होईना, वेगळा स्पीकर लावा. तो वायरनं जोडा. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा येतो. संवादात ते खपून जातं, पण दार आपटल्यानंतर पाव सेकंदानं दाराचा आवाज आला तर भीतीऐवजी हसू येतं. स्पीकर पडद्याच्या खाली किंवा शेजारी ठेवा, प्रेक्षकांच्या मागे नको. चादरीवर प्रोजेक्टरनं दाखवणार असाल तर चादरीची खालची कड जमिनीपासून चार फूट वर घ्या. नाहीतर मागच्या रांगेला सबटायटलऐवजी पुढच्यांची डोकी दिसतील.

काय दाखवायला मोकळीक आहे, काय नाही

घरी चार मित्रांनी मिळून सिनेमा पाहणं वेगळं आणि वाचनालयाच्या सभागृहात पत्रक लावून दाखवणं वेगळं. ओटीटीचं सदस्यत्व तुम्हाला घरच्या वापरासाठी मिळालेलं असतं. त्याच्या जोरावर जाहीर खेळ करता येत नाही, तिकीट नसलं तरीही. जाहीर खेळासाठी हक्कधारकाची लेखी परवानगी हवी आणि चित्रपटाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र हवं.

जुन्या सिनेमांचा एक चांगला मार्ग आहे. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. म्हणजे १९६४ साली आलेल्या चित्रपटाचा हक्क २०२४ अखेर संपला. कथा, गीतं आणि संगीत यांचे हक्क मात्र वेगळे मोजतात, त्या त्या लेखक-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं. शिवाय जुन्या मूकपटाची नव्यानं स्वच्छ केलेली आणि नवं संगीत चढवलेली प्रत कोणाच्या तरी मालकीची असू शकते. म्हणून जाहीर खेळ करायचाच असेल तर कुठली प्रत हातात आहे ते पाहा आणि शंका असली तर विचारून घ्या.

प्रमाणपत्राकडे घरीसुद्धा लक्ष द्या. २०२४ च्या नियमांनंतर 'यूए'चे तीन भाग झाले आहेत: ७, १३ आणि १६ वर्षांवरच्यांसाठी. त्या वयाखालच्या मुलानं पालकांच्या सल्ल्यानं पाहायचं असतं. 'ए' म्हणजे फक्त प्रौढांसाठी. बहुतेक चांगले भयपट या शेवटच्या खणात सापडतात. "आमचो भुरगो भियेना" म्हणून दहा वर्षांचा मुलगा घेऊन येणारे पालक भेटतात. त्यांना दारातच नम्रपणे नाही म्हणा. तो मुलगा त्या दोन तासांत घाबरणार नाही कदाचित. घाबरेल ते रात्री दोन वाजता, आणि तेव्हा तुम्ही तिथे नसाल.

पहिले चार रविवार

निवड करताना सगळ्यात गाजलेला किंवा सगळ्यात भयानक सिनेमा पहिला लावू नका. बोलायला शिकवणारा सिनेमा लावा.

पहिल्या रविवारी राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४) लावतो. पुढे १९६६ मध्ये त्याच कथेवर हिंदीत 'मेरा साया' आला. जमलं तर पुढच्या रविवारी तो. एकच गुपित दोन तऱ्हांनी सांगितलेलं पाहिलं की नवखा माणूससुद्धा आपोआप तुलना करू लागतो: कुठे आधी कळलं, कुठे गाण्यानं उत्कंठा वाढवली, कुठे पातळ केली. रहस्य आधीच ठाऊक असूनही दुसऱ्या रविवारी लोक पुढे सरकून बसतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. ते का, यावर तुमच्या मंडळीत बोला.

तिसऱ्या रविवारी जर्मनीचा १९२२ चा मूकपट 'नोस्फेराटू'. 'ड्रॅक्युला' या कादंबरीवरून परवानगी न घेता तो काढला होता. लेखकाच्या पत्नीनं खटला भरला, न्यायालयानं प्रती नष्ट करायचा हुकूम दिला, तरी काही प्रती वाचल्या आणि म्हणून आज आपण तो पाहतो. ही हकिकत सिनेमाआधी सांगा. शंभर वर्षांपूर्वीचा संथ मूकपट पाहायला बसलेल्यांना मग आपण वाचलेली वस्तू पाहतो आहोत ही जाणीव असते, आणि कंटाळा बराच कमी होतो. जिन्यावरून चढणारी सावली आली की खोलीतला आवाज बंद होतो, हे दर वेळी घडतं.

चौथ्या रविवारी विशाल फुरिया यांचा 'लपाछपी'. वाडे, वटवाघळं, वादळी रात्र असलं काही न घेता हा सिनेमा उसाच्या फडात, भर दुपारी भीती उभी करतो. दिग्दर्शकानं स्वतःच २०२१ मध्ये 'छोरी' नावानं तो हिंदीत परत केला. आमच्यातल्या एकीनं तो पाहून म्हटलं की तिला आता कुळागरात दुपारी एकटीनं जायला नको वाटतं. माडा-पोफळींच्या त्या हिरव्या काळोखाला ऊस कसा जोडला गेला, ते तिनं पाच मिनिटांत इतकं नेमकं सांगितलं की कुठल्याच परीक्षणात मी तसं वाचलेलं नाही.

विज्ञानपटांकडे पाचव्या-सहाव्या बैठकीनंतर वळा. त्यांत भीतीपेक्षा 'पटतं का' हा प्रश्न मोठा असतो आणि त्यावर नवे लोक भांडतात. ओळख झाल्यावर भांडण झालं तर बरं.

मत कसं सांगायचं

हा खरा गाभा. "मस्त होता", "बोअर झालं", "ओव्हररेटेड" हे शब्द आमच्याकडे पहिल्या दहा मिनिटांत चालत नाहीत. तुमच्याकडेही चालवू नका. त्या शब्दांवर समोरच्याला पुढे बोलता येत नाही.

त्याऐवजी आपल्या भाषेत भीतीसाठी असलेले शब्द वापरा. ते जितके नेमके आहेत तितकी माझ्या पाहण्यात कुठली परीक्षणाची परिभाषा नाही. *दचकणं* क्षणाचं असतं, आवाजानं होतं आणि लगेच ओसरतं. *धास्ती* आधीच बसते, अजून काहीच घडलेलं नसताना. *शिसारी* शरीर पाहून येते: जखम, किडे, सडणं. *अंगावर काटा* भीतीनंही येतो आणि आनंदानंही, म्हणून कोणी "काटा आला" म्हणालं की कुठल्या अर्थी ते विचारा. *दडपण* खोलीचं, घराचं, माणसाचं येतं. *हुरहूर* सिनेमा संपल्यावर उरते.

आता प्रत्येकानं फक्त एवढं सांगायचं: यांतलं माझ्याबाबतीत काय झालं, नेमकं कुठल्या प्रसंगात झालं, आणि त्या प्रसंगात पडद्यावर आणि कानांवर काय चाललं होतं. पंचवीस वेळा दचकवणारा सिनेमा एकदाही धास्ती बसवत नाही, हे अशा बोलण्यातून पहिल्याच महिन्यात लक्षात येतं. मग लोक स्वतःहून म्हणू लागतात की या दिग्दर्शकाला दचकवता येतं, भिववता येत नाही. ही टीका झाली, आणि ती कोणाकडून उसनी घेतलेली नाही.

सिनेमा कुठल्या प्रकारचं वचन देऊन सुरू झाला तेही पाहा. 'झपाटलेला'कडून हसवण्याचं आणि भिववण्याचं असं दुहेरी वचन आहे. त्यात तर्क शोधणं म्हणजे खाजं खाऊन त्यात मीठ नाही म्हणण्यासारखं. पण वैज्ञानिक कारण देणाऱ्या सिनेमानं मध्येच स्वतःचा नियम मोडला, तर त्याला जरूर धरा. नियम कोणताही चालेल, भुताला पाणी ओलांडता येत नाही असा असला तरी. तो पहिल्या अर्ध्या तासात सांगितला आणि शेवटी सोयीसाठी विसरला, तर प्रेक्षकाची फसवणूक झाली.

आता त्या वयस्क माणसाकडे येतो. बहुतेक सिनेमांत अदृश्य शक्ती म्हणजे घालवून द्यायची, जाळायची, पुरायची गोष्ट. गोव्यातल्या गावात मात्र देवचार असतो, राखणदार असतो. तो रात्री गावाभोवती फिरतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत आणून सोडतो, अशी श्रद्धा आहे. त्याला रोट ठेवतात, विडी ठेवतात, कुठे कुठे दारू. त्याचा धाक असतो आणि त्याचाच आधारही असतो. आमच्याकडच्या सत्तरीच्या आजोबांनी एका परदेशी भयपटानंतर शांतपणे विचारलं, "त्या घरातल्याक कोणे कितें दिलां काय ना?" घरात आधीपासून राहणाऱ्याला कोणी विचारलं नाही, त्याचा मान ठेवला नाही, मग तो रागावणार नाही तर काय? अख्खा सिनेमा आम्हाला उलटा दिसला. घर विकत घेणारं कुटुंब अचानक पाहुणं झालं, तेही न सांगता आलेलं.

असं मत बाहेरच्या कुठल्याही समीक्षकाकडून मिळणार नाही, म्हणून त्या वयाच्या माणसाला बोलतं करा, घाई करू नका. आणि कोणाच्या श्रद्धेवर हसू नका. भूत नाही असं मानणाऱ्याला तसं मानायची मोकळीक आहे, पण रविवारी संध्याकाळी तो वाद उकरायचा नाही. प्रश्न सिनेमात ते कसं दाखवलं एवढाच.

गुपित फोडू नये म्हणून

बोलण्याचे दोन भाग करा. पहिला भाग सगळ्यांसाठी, त्यात शेवटाबद्दल अवाक्षर नाही. मग ज्यांनी सिनेमा पाहिला नाही ते चहा करायला आत जातात आणि पाहिलेले मोकळेपणानं बोलतात. चहा येताना आतून मोठ्यानं हाक मारायची, तेव्हा बोलणं बंद. साधी व्यवस्था आहे, पण तिच्यामुळे आमच्याकडे भांडणं थांबली.

"शेवटी मोठा धक्का आहे" हे सांगणंसुद्धा गुपित फोडणंच आहे. ऐकणारा मग पूर्णवेळ धक्क्याची वाट पाहतो आणि शेवटाच्या आधीच्या सगळ्या गोष्टी त्याच्या डोळ्यांसमोरून नुसत्या जातात. १९६० मध्ये 'सायको' आला तेव्हा त्याचा दिग्दर्शक हिचकॉक यानं खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही असा नियम थिएटरांना घालून दिला होता. शेवट फोडू नका अशी विनंतीही प्रेक्षकांना केली होती. जुन्या सिनेमालाही हाच नियम लावा. सिनेमा साठ वर्षांपूर्वीचा असेल, पण समोरची वीस वर्षांची मुलगी तो आज पहिल्यांदा पाहणार आहे.

शिफारस करताना मग काय सांगायचं? ठिकाण, काळ, पहिल्या वीस मिनिटांतली परिस्थिती आणि भीतीचा प्रकार. "कोकणातला वाडा, सतत पाऊस, हाव, शिसारी आणि धास्ती दोन्ही" एवढ्यावर 'तुंबाड' पाहायला माणूस तयार होतो.

बातम्या पारखून आणा

'तुंबाड'ची गोष्ट इथे आठवते. अनेक पावसाळे चित्रीकरण चाललेला हा सिनेमा १२ ऑक्टोबर २०१८ ला आला. तेव्हा थिएटरात त्याला मर्यादित प्रतिसाद मिळाला. पुढची सहा वर्षं लोकांनी एकमेकांना सांगत तो जिवंत ठेवला. १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा थिएटरांत लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई झाली. पाच-सहा जणांच्या मंडळीनं मत सांगण्याला किंमत आहे, ती अशी.

पण मतासारखी बातमी सांगता येत नाही, तिला आधार लागतो. बातमी आणणाऱ्यानं तीन गोष्टी सांगाव्यात असा आमचा रिवाज आहे: कोणी सांगितलं, कधी सांगितलं, आणि काम नेमकं कुठवर आलं आहे. घोषणा म्हणजे सिनेमा नव्हे. पोस्टर म्हणजेही नव्हे. चित्रीकरण सुरू झालं, संपलं, प्रमाणपत्र मिळालं, तारीख जाहीर झाली, थिएटरात बुकिंग उघडलं, या क्रमानं बातमीचा भरवसा वाढत जातो. "येतोय, येतोय" म्हणून गाजणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या भागांपैकी कित्येक घोषणेपुढे जात नाहीत. हल्ली चाहत्यांनी केलेले ट्रेलर आणि संगणकानं बनवलेली पोस्टरं इतकी हुबेहूब असतात की निर्मात्याच्या स्वतःच्या खात्यावर ती दिसल्याशिवाय पुढे पाठवू नका.

कमाईच्या आकड्यांबाबत एक खुबी लक्षात ठेवा. 'ग्रॉस' म्हणजे तिकीटविक्रीची सगळी रक्कम, करासकट. 'नेट' म्हणजे कर वजा जाता. त्यातूनही थिएटरचा वाटा जातो आणि मग वितरकाच्या हाती उरतं ते. एका सिनेमाचा ग्रॉस आणि दुसऱ्याचा नेट शेजारी ठेवून "याने त्याला हरवलं" म्हणणाऱ्या बातम्या रोज फिरतात. आकडा कुठला ते सांगितलं नसेल तर ती बातमी आमच्या वहीत जात नाही.

थिएटर आणि नोव्हेंबर

मराठी भयपट किंवा रहस्यपट गोव्यात लागला तर पहिल्या शनिवार-रविवारीच जा. खेळ थोडे असतात, वेळा अडनिड्या असतात, आणि पहिल्या तीन दिवसांत खुर्च्या रिकाम्या राहिल्या की दुसऱ्या शुक्रवारी खेळ उरेलच याची खात्री नाही. बुधवार-गुरुवारी वेळा पाहून ठेवायचं काम मंडळीतल्या एकाला कायमचं द्या. गोवा मराठी चित्रपट महोत्सवाची तारीखही त्यानंच पाहायची.

इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून गोव्यात भरतो, हल्ली बहुतेक वर्षी २० ते २८ नोव्हेंबर. पणजीत त्या दिवसांत जगभरचे सिनेमे येतात, आणि त्यांत इराण, कोरिया, लॅटिन अमेरिकेचे असे भयपट-विज्ञानपट असतात जे पुढे कुठल्याच ओटीटीवर दिसत नाहीत. नव्यांची नेहमीची चूक म्हणजे पाचही जणांनी एकाच गाजलेल्या सिनेमाच्या रांगेत उभं राहणं. तसं करू नका. प्रतिनिधी म्हणून नोंदणी वेळेत करा, जागा ऑनलाइन उघडल्या की लगेच राखून ठेवा, आणि वेगवेगळे सिनेमे वाटून घ्या. माहितीपुस्तिकेत प्रकार लिहिलेला नसला तर सारांशात "गायब होते", "विचित्र घटना", "नजीकच्या भविष्यात" असे शब्द शोधा, तिथे बहुधा आपला माल असतो. जागा मिळाली नाही तर न राखलेल्यांच्या रांगेत अर्धा-पाऊण तास आधी उभे राहा. तिथल्या गप्पांत सकाळच्या सिनेमांची जी खबर मिळते ती छापील अंकात दुसऱ्या दिवशी येते. संध्याकाळी कांपालच्या बागेत बसून पाच जणांनी पाच सिनेमे सांगायचे, गुपित न फोडता. मंडळीत आलेल्या नव्या माणसाची खरी तयारी तिथे होते.

वही

शंभर पानी साधी वही घ्या. प्रत्येक सिनेमाला एक पान: नाव, वर्ष, दिग्दर्शक, कुठल्या घरी पाहिला, पाऊस होता का, किती जण होते. खाली प्रत्येकाचं एक वाक्य, त्याच्याच शब्दांत, त्याच्याच भाषेत. गुण किंवा तारे देऊ नका. आम्ही वर्षभर दिले. नंतर वही उघडली तर साडेतीन तारे का दिले होते ते कोणालाच आठवेना. पण "दार उघडं होतं तेच वाईट" हे वाक्य वाचल्याबरोबर त्या आजोबांचा आवाज, तो सिनेमा आणि ती खोली तिघंही परत आले.

वही ज्याच्या घरी पुढचा रविवार असेल त्याच्याकडे ठेवायची. आत एक पेन अडकवून द्या.